बार्सिलोनातला हिरवा चुडा

केतकीने निळ्या फुलांची चांगली धडधाकट बशी उचलली, गोणपाटावर पालथी घातली, वरून फडकं टाकलं आणि हातोडीचा एक घाव घातला.

"आगं आगं आगं!" वन्सं ओरडल्या. "लगीन तीन दिवसांवर आलंय आन हातानं भांडी फोडतीस व्हय गं?"

"आत्या, माझं कामच आहे हे," केतकी म्हणाली. फडकं बाजूला करून ती तुकडे निवडायला लागली. "हा बघ. याला कशी छान कड आलीय."

"कड आलीय म्हणं!" वन्संनी माझ्याकडे वळून पाहिलं. "कुमुद, फुटकं घरात ठिवू न्हाई, येवढं तरी शिकवायचंस लेकीला."

"फोडायचं ती तुमच्याकडूनच शिकली, वन्सं," मी म्हणाले.

केतकीची हातोडी वरच्या वर थांबली. "आई," ती एवढंच म्हणाली आणि दुसरी बशी घ्यायला वळली.

अकरा वर्षं झाली या गोष्टीला. केतकी पुण्यात आर्किटेक्ट झाली, पुढे शिकायला स्पेनमध्ये बार्सिलोनाला गेली आणि तिथेच राहिली. त्या शहरावर गाउदी नावाच्या वास्तुविशारदाची छाप आहे. माणूस जाऊन पिढ्या लोटल्या, पण चॉकलेटच्या डब्यापासून छत्रीपर्यंत जिथे बघावं तिथे तोच. त्याच्या इमारतींना सरळ भिंत ठाऊक नाही. बाल्कन्या फुगलेल्या, खांब तिरके, छपरांना माशासारखे खवले, आणि वळणावळणावर फुटक्या फरशांची नि बशांची रंगीत नक्षी. अशी जुनी नक्षी निखळली की ती पुन्हा बसवून देणाऱ्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये केतकी काम करत होती.

"पण धड बशी फोडायची कशाला?" मी विचारलं. मघाचं झाकायचं होतं.

"सपाट फरशी वळणावर बसत नाही, आई. बसवायची तर आधी फोडावी लागते."

मी कराडला मुलींच्या शाळेत शिवण शिकवत होते. सपाट कापड छातीवर बसवायचं तर चिमटा घेऊन टक घालावाच लागतो, हे दरवर्षी पोरींना सांगून माझा घसा बसायचा. त्यामुळे मला ते लगेच पटलं. पण वन्सं समोर होत्या म्हणून मी पटल्याचं दाखवलं नाही.

प्रयागावन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. माझे यजमान गेले तेव्हा केतकी आठ वर्षांची होती. उंब्रजजवळ त्यांच्या स्कूटरला ट्रकने उडवलं. त्या दुपारी घर बायकांनी भरलेलं असताना वन्संनी माझे दोन्ही हात धरले आणि मनगटावर मनगट आपटून माझ्या बांगड्या फोडल्या. मी "नको, नको" म्हणत होते. मला बांगड्या ठेवायच्या होत्या असं नाही. माझ्या मी काढून ठेवल्या असत्या, एकेक करून, दार लावून. पण वन्सं म्हणाल्या, "रीत हाय." डाव्या मनगटात काचेचा तुकडा घुसला, त्याचा वण अजून आहे. केतकी दाराची चौकट धरून उभी होती. तिने सगळं पाहिलं.

पुढे मी नोकरी धरली आणि दुपारची केतकी वन्संकडे राहू लागली. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्यांनी तिला खाऊपिऊ घातलं, वेण्या घातल्या, गोवरात रात्ररात्र उशाशी बसल्या. हे मी नाकारत नाही, आणि खरी पंचाईत तीच होती. माझी लेक जिच्यावर जीव टाकायची, त्या बाईचं तोंडसुद्धा मला बघवत नव्हतं.

केतकीने लग्न ठरवलं ते आर्नाउ नावाच्या तिथल्याच मुलाशी. वन्सं पहिल्या दिवसापासून त्याला अर्णव म्हणायला लागल्या आणि तोही 'ओ' द्यायला लागला. लग्न कचेरीत सही करून व्हायचं होतं. पण आदल्या दिवशी चुडा भरलाच पाहिजे असं वन्संनी फोनवर बजावलं आणि मीच घेऊन येते म्हणाल्या. केतकीच्या वडिलांच्या बाजूचं माणूस म्हणून एकट्या त्याच उरल्या होत्या. कराडच्या कासाराकडून त्यांनी हिरव्या बांगड्या घेतल्या, स्टीलच्या डब्यात कापसात बसवल्या आणि विमानात तो डबा मांडीवर धरून बसल्या. मुंबईला तपासणीच्या माणसाने डबा उघडला तेव्हा त्यालाच दम भरला, "सावकाश. लेकीचा चुडा हाय." त्यानेही बिचाऱ्याने दोन बोटांनी कापूस उचलून पाहिला आणि पुन्हा जागेवर ठेवला.

विमानात पट्टा लावता लावताच त्यांनी विषय काढला.

"कुमुद, येक गोष्ट आत्ताच बोलून ठिवते. चुडा भरताना तू म्होरं होऊ नगंस. सवाष्णीच्या हातानं भरायचा आसतो. तू मागं खुर्ची टाकून बस. बघायला काय कुणाची ना न्हाई."

"माझ्या लेकीचा चुडा, आणि मी मागे बसू?"

"तिच्या संसाराचा इचार कर. तुझा हात लागाया नको."

अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी खिडकीकडे तोंड फिरवलं ते इस्तंबूल येईपर्यंत. तेवढ्यात माझं ठरून गेलं होतं. केतकीच्या हातात बांगड्या मीच भरणार, मग वन्सं आडव्या पडल्या तरी बेहत्तर.

विमानतळावर आम्हाला घ्यायला केतकी आणि आर्नाउबरोबर त्याची आई आली होती. नुरिया तिचं नाव. साठीच्या घरातली बाई, ओठ लालभडक, कानात मोठाल्या रिंगा, बोटांत अंगठ्या, हातात कडी. हसली की सगळं मिळून खणखणायचं. तिच्याबरोबर जोआन नावाचे एक गृहस्थ होते. त्यांनी आमच्या बॅगा उचलल्या, नुरियासाठी गाडीचं दार उघडून धरलं, ती बसल्यावर तिच्या कोटाचं टोक आत सारलं आणि मग दार लावलं.

"व्याही चांगलं हायती," वन्सं माझ्या कानाशी लागल्या. "बायकूला जपत्यात."

जोआन हे नुरियाचे भाऊ होते. तिचा नवरा सहा वर्षांपूर्वीच गेला होता, आर्नाउ कॉलेजात असताना. केतकीने मला हे फोनवर केव्हाच सांगितलं होतं. वन्संना कुणी सांगितलं नव्हतं, कारण त्यांनी विचारलं नव्हतं. मी सांगायला तोंड उघडलं होतं, नाही असं नाही. पण त्याच क्षणी वन्सं म्हणाल्या, "तू मागं बस, मला म्होरं बसू दे," आणि मी तोंड मिटलं.

त्या संध्याकाळी जेवणाआधी त्यांनी जोआनना टोपी आणि टॉवेल दिला. केतकीला वाटलं, घरातलं वडीलधारं माणूस म्हणून मामाचा मान करतेय आत्या. तिचे डोळे भरून आले. जोआननी ती पांढरी टोपी जेवण संपेपर्यंत डोक्यावरून काढली नाही. पुढचे दोन दिवस आमच्याकडे यायचे तेव्हाही घालूनच यायचे.

वर्कशॉप बघितल्यावर केतकीने आम्हाला साग्रादा फामिलिया दाखवायला नेलं. गाउदीचं ते सगळ्यात मोठं चर्च, त्याच्या हयातीत अपुरं राहिलेलं. मनोऱ्यांच्या मधून क्रेन वर आलेल्या होत्या.

"आजून बांधत्यात?" वन्सं म्हणाल्या. "कंत्राटदार पळाला काय?"

"सव्वाशे वर्षं होऊन गेली, आत्या."

"मग पळालाच."

आत मात्र त्यांचंही तोंड बंद झालं. खांब झाडांसारखे वर जाऊन फुटले होते आणि रंगीत काचांतून हिरवा, तांबडा उजेड जमिनीवर सांडला होता. वन्संनी पदराने डोळे पुसले. मलाही पुसावेसे वाटले, पण त्यांनी पुसले म्हणून मी मुद्दाम पुसले नाहीत.

बाहेर येऊन आम्ही समोरच्या बागेत बसलो तेव्हा केतकीने गाउदीचा शेवट सांगितला. म्हातारपणी हा माणूस कामात बुडालेला. अंगावर विटके, ढगळे कपडे. एक दिवस रस्त्यात त्याला ट्रामने उडवलं. खिशात ओळख पटेल असं काही नाही. लोकांना वाटलं, आहे कुणी भिकारी. वेळेवर धड मदतसुद्धा मिळाली नाही.

"सगळं गाव ज्याने उभं केलं, त्याला गावाने ओळखलं नाही," केतकी म्हणाली. ती हळहळत होती.

"चुकी त्येचीच," वन्सं म्हणाल्या. "माणसानं आपण हाय तसं ऱ्हावं. नुस्तं बघून कळाय पायजे, समोरचा कोण हाय त्ये." त्यांची नजर माझ्या रिकाम्या मनगटावर येऊन टेकली. "मला तर बघितल्या बघितल्या माणूस कळतं."

"असं?" मी म्हणाले.

"न्हाई तर काय!"

घरी आल्यावर केतकी बाजारात गेली आणि आम्ही दोघी स्वयंपाकघरात होतो. वन्सं कराडहून आणलेली हळद वाटीत काढत होत्या. मला पाठमोऱ्या असतानाच त्यांनी सांगितलं, "पैली बांगडी मी भरणार न्हाई. विहीणबाई भरतील. सासूचा मान आसतो. कशी भरल्या हाताची बाई हाय बघ. केतकीला परवा तिथंच सांगीन, तिला बरं वाटंल." मग थोडं थांबून म्हणाल्या, "मनाला लावून घिऊ नगंस. तुझं नशीब, त्येला मी काय करू?"

मी वाटीतून सांडलेली हळद बोटाने पुसली. बोट पिवळं झालं. ते मी त्यांच्या समोरच फडक्याला पुसलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही डोंगरावरच्या गाउदीच्या बागेत गेलो. तिथे एका मोठ्या पटांगणाच्या कडेने दगडी बाक आहे, सापासारखा वळत गेलेला, आणि सगळा फुटक्या फरशांनी मढवलेला. खाली पायऱ्यांवर रंगीत सरड्यासारखं एक जनावर आहे, त्याच्याजवळ जोआन वन्संचा फोटो काढत होते. बाकावर केतकी आणि मी दोघीच होतो. खाली सगळं शहर आणि त्याच्यापलीकडे समुद्र दिसत होता.

"आई, उद्या चुडा आत्याला भरू दे," केतकी म्हणाली.

मी समुद्राकडे बघत राहिले.

"तिचा जीव अडकलाय त्यात. कापसात घालून आणलाय बघ ना तिने. तुझा एका तासाचा तर प्रश्न आहे."

"एका तासाचा? इतकी वर्षं मी मागेच बसतेय, केतकी. शाळेत हळदीकुंकू असलं की मला कपाटं आवरायचं काम निघायचं. तुझ्या मैत्रिणींच्या लग्नात मी फक्त जेवायला जायचे. आता माझ्या पोटच्या पोरीच्या चुड्यालाही मागेच बसू?"

"मला माहीत आहे."

"तुला माहीत असायलाच हवं. तू दारात उभी होतीस."

"होते ना. सगळं आठवतं मला." ती बाकावरच्या एका पिवळ्या तुकड्यावरून अंगठा फिरवत होती. हातोडी धरून धरून तिचे हात रुंद आणि खरखरीत झाले होते. "आणि त्या रात्री मला भूक लागली तेव्हा आत्यानेच मांडीवर घेऊन दूधभात भरवला, तेही आठवतं. तू भिंतीकडे तोंड करून पडली होतीस. मी काय करू? एक आठवू आणि दुसरं विसरू?"

मला जास्तच राग आला.

"खरं सांग," ती म्हणाली. "तुला बांगड्या भरायच्यात, का आत्याला हरवायचंय?"

"दोन्ही," मी म्हणाले.

केतकी उठली. "निदान खोटं तरी बोलायचंस," म्हणाली आणि पायऱ्यांकडे चालू लागली.

तोवर नुरियाबद्दल मी नुसतीच गप्प होते. त्या बाकावरून उठले ती ठरवून गप्प राहायला. वन्संना एकदा बघून कळलेलं होतं, मग मी कशाला मधे पडू?

चुडा केतकीच्या घरी सकाळी भरायचा होता. घर लहान, पण पुढे बाल्कनी, आणि तिथून चर्चच्या क्रेन दिसायच्या. आर्नाउला कशाला तरी बाहेर पिटाळलं होतं. नुरिया मोरपंखी झगा घालून आली. जोआन टोपी घालून आले. वन्संनी स्टुलावर शाल टाकून पाट केला, केतकीला पूर्वेकडे तोंड करून बसवलं, हळदकुंकू लावलं. साबणाच्या पाण्याची वाटी ठेवली, आणि कापसातून एकेक बांगडी काढून ताटात रचली. मग भिंतीकडेच्या दोन खुर्च्यांकडे माझ्यासाठी बोट केलं. मी त्यातल्या एकीवर जाऊन बसले. केतकीने माझ्याकडे पाहिलं, आणि नजर खाली घातली. तिला वाटलं असणार, आईने ऐकलं.

"विहीणबाई, या," वन्सं म्हणाल्या आणि नुरियाला हाताला धरून पुढे आणलं. "पैला मान सासूचा."

केतकीने मान वर केली. तिचा चेहरा असा काही उजळला की मला बघवेना. तिने नुरियाला तिच्या भाषेत सांगितलं. नुरियाने दोन्ही हात छातीवर ठेवले, मग स्वतःची कडी काढून जोआनकडे दिली आणि ताटातून एक हिरवी बांगडी उचलली.

"हात सैल सोड, बाळ," वन्संनी सांगितलं. "भरताना हात ताठ क्येला की काच लागती."

बांगडी अडली. वन्संनी माप आणलं होतं ते कराडहून गेलेल्या मुलीचं, आणि हा हात आता फरशा फोडणाऱ्या बाईचा होता. नुरिया घाबरून थांबली. वन्संनी बोटं दाबून दाखवली, साबण लावला, आणि हळूहळू करत ती बांगडी मनगटावर उतरली. नुरियाने केतकीच्या कपाळाचा मुका घेतला. जोआननी टाळ्या वाजवल्या.

"बास!" वन्सं समाधानाने म्हणाल्या. "आता काय काळजी न्हाई."

"आत्या," केतकी म्हणाली. "तू नुरियाला मान दिलास. मला खरंच वाटलं नव्हतं. आता आईलाही भरू दे ना."

"आई कशी भरंल? सवाष्णीचं काम हाय ह्ये."

"अगं पण नुरिया..." केतकी थांबली. तिने जोआनकडे पाहिलं. त्यांच्या डोक्यावरच्या टोपीकडे पाहिलं. मग वन्संकडे, आणि शेवटी माझ्याकडे.

"नुरिया काय?" वन्सं म्हणाल्या.

मी खुर्चीवरून उठले. "जोआन तिचे भाऊ आहेत. नुरियाबाईंचे यजमान जाऊन सहा वर्षं झाली," मी म्हणाले. "बघून कळलं नाही का, वन्सं?"

किती दिवस मी हे वाक्य तोंडात धरून बसले होते! ते बाहेर पडलं तेव्हा मला काय बरं वाटलं म्हणून सांगू. वन्संच्या चेहऱ्याचा रंग उतरला. त्यांनी नुरियाच्या लाल ओठांकडे पाहिलं, तिच्या बोटांतल्या अंगठ्यांकडे पाहिलं, जणू त्या बाईने त्यांना भर बाजारात फसवलं होतं.

"काढ," त्या म्हणाल्या. "काढ ती बांगडी आदी!"

"आत्या, काही काढायचं नाही."

"काढ म्हणते ना! अपशकून झाला!" त्यांनी झेप घेऊन केतकीचं मनगट पकडलं आणि बांगडी ओढायला लागल्या. केतकीचा हात ताठ झाला. कट्कन आवाज झाला आणि हिरवे तुकडे शालीवर पडले. केतकीच्या मनगटावर रक्ताची रेघ उमटली.

मी पुढे होऊन वन्संचा हात धरला. "सोडा तिला. एकदा फोडल्यात, तेवढं बास."

माझ्या मुठीत त्यांचं मनगट होतं आणि मनगटावर त्यांच्या बांगड्या. त्यांचे यजमान कराडला होते, चांगले धडधाकट. मी जराशी मूठ आवळली असती तर त्यांच्याही बांगड्यांचा चुरा झाला असता. आवळावीशी वाटली मला. वन्संना ते कळलं. त्यांनी हात ओढला नाही, हलवलासुद्धा नाही. नुसत्या माझ्या मुठीकडे बघत राहिल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत मला पहिल्यांदा भीती दिसली.

"काय झालं?" असं काहीतरी नुरिया विचारत होती. केतकी तिला सांगू लागली. सांगायला बराच वेळ लागला. ऐकता ऐकता नुरियाचं हसू मावळलं. जोआननी डोक्यावरची टोपी काढली, नीट घडी करून टेबलावर ठेवली. मग नुरियाने मान वळवली ती वन्संकडे नाही, माझ्याकडे, आणि एकच प्रश्न विचारला.

"ती विचारतेय, तुला माहीत होतं का," केतकी म्हणाली.

"सांग, होतं."

"आणि तू तिला भरू दिलीस. आत्याला असं तोंडावर पाडता यावं म्हणून."

"होतं म्हटलं ना."

नुरिया माझ्याकडे बघून काहीतरी बोलली, हळू आवाजात. केतकीने त्याचं भाषांतर केलं नाही. मी कधी विचारलं नाही.

"आत्याचा हात सोड, आई."

मी सोडला. केतकी पुन्हा स्टुलावर बसली. मनगटावरचं रक्त तिने शालीच्या टोकाने पुसलं. मग साबणाची वाटी जवळ ओढली. वन्संनी आणि मी एकदमच ताटाकडे हात नेला.

"कुणी हात लावायचा नाही," केतकी म्हणाली.

तिने ताटातून एक बांगडी उचलली आणि स्वतःच्या हातात भरायला घेतली. बोटं जवळ केली, अंगठा आत दुमडला, साबणाचा हात फिरवला. तिला घाई नव्हती. वर्कशॉपमध्ये तुकडा जागेवर बसवताना असायची तशी मान तिरकी केली होती. बांगडी उतरली. तिने दुसरी घेतली.

"आपल्या हातानं आपला चुडा भरत न्हाईत गं," वन्सं रडवेल्या झाल्या. "आसं कुणी करत न्हाई, बाळ."

"केतकी, असं नसतं करायचं," मी म्हणाले.

ती आमच्या दोघींकडेही बघत नव्हती. उजवा हात भरला. मग तिने डावा घेतला. खोलीत काचेचा बारीक आवाज येत होता. नुरिया बाल्कनीच्या दाराशी पाठमोरी उभी होती. जोआन तिच्या शेजारी गेले.

ताटात शेवटच्या एकदोन बांगड्या राहिल्या तेव्हा वन्संनी मला कोपराने हलवलं. यजमान गेल्यापासून एकोणीस वर्षांत त्यांनी मला असं आपलेपणाने हलवलं नव्हतं.

"डाव्या हातात येक जास्त घालायची आसती," त्या पुटपुटल्या. "तू सांग तिला. माझं ऐकायची न्हाई ती."

"केतकी," मी म्हणाले, "डाव्या हातात एक जास्त घाल."

तिने शेवटची बांगडी मनगटावर सारली आणि दोन्ही हात वर करून आम्हाला दाखवले.

"पुरत नाहीत," ती म्हणाली. "एक फुटली ना. आता दोन्हीकडे सारख्याच."

मग तिने शालीवरचे हिरवे तुकडे ओंजळीत गोळा केले आणि आत निघून गेली. ताट तिथेच राहिलं. भिंतीकडेला दोन खुर्च्या होत्या. एकीवर मी जाऊन बसले. थोड्या वेळाने दुसरीवर वन्सं येऊन बसल्या.